फक्त व्यवसायासाठी

टॅक्सच्या फॉर्मवरची एक ओळ मला फार आवडते. ‘आपल्या उत्पन्नाचे मूल्यांकन आपण स्वतः करावे.’ लग्न झाल्यापासून माझं मूल्यांकन सासूबाई करत आल्या, नवरा अधूनमधून करतो, शेजारणी तर फुकटात करतात. मीच मला जोखावं, हे आजवर फक्त टॅक्सवाल्यांना सुचलं. त्यामुळे बाकीचे धंदेवाले ज्या फॉर्मचं नाव काढलं की पांढरे पडतात, तो मी हौसेने भरते. या वर्षी जरा जास्तच हौसेने भरला.

माझा धंदा केसांच्या टोपांचा. नाटक कंपन्यांना टोप लागतात, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या एका गृहस्थांना लागतो (मेले तरी नाव सांगणार नाही), आणि आजारपणात केस गेलेल्या बायकांना लागतात. माझं खरं गिऱ्हाईक या बायका. मी माणसांना टोप घालते. टोपी घालणारे वेगळे, आणि त्यातले एक आमच्याच घरात मुक्कामाला होते.

काम असं असतं, की गिऱ्हाइकाच्या मापाची बारीक जाळी लाकडी डोक्यावर ताणून बसवायची आणि आकडीने एकेक केस त्यातून ओढून गाठ मारायची. घाई केली की गाठ सुटते, वारं आलं की केस उडतो, आणि शेजारी कुणी बडबडत असलं की माझं डोकं उठतं. म्हणून मोठी खिडकी हवी, पंखा बंद हवा आणि दार लागायला हवं. मागची खोली अगदी तशी होती. लाकडी डोकी फळीवर ओळीने बसवून मी तिथे कितीतरी वर्षं सुखाने काम केलं. मग शेठ आले.

शेठ म्हणजे माझे धाकटे दीर. नोकरी सोडून ते स्वतःचा धंदा सुरू करणार होते, म्हणून घरात सगळे कौतुकाने शेठ म्हणायला लागले. धंदा सुरू झाला नाही, पण नाव सुरू झालं. “चार दिवस राहतो,” म्हणाले, आणि खाट, उभा पंखा आणि मालाच्या नमुन्यांची ट्रंक घेऊन उतरले. चार दिवसांसाठी ट्रंक कोण आणतं, असं मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला विचारलं. “अगं, सामान कुठे टाकेल बिचारा,” नवरा म्हणाला. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण मला तोंडपाठ होती, पण ओसरी जाईपर्यंत म्हणींचा काही उपयोग नसतो.

खाट खिडकीखाली गेली. माझी लाकडी डोकी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण ती बघत असली की शेठना झोप येत नसे. पंखा रात्रंदिवस चालू. मी जाळी आणि आकडी उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आले. मग व्हायचं तेच झालं. ताटात केस निघाला की सासूबाई तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेत आणि विचारत, “हा माझा, तुझा, की गिऱ्हाइकाचा?”

नवऱ्याशी बोलून काही होत नव्हतं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून जादाच्या ब्रेकवर पाय ठेवायची सवय. घरातही तेच, एखाद्या विषयाने जरा वेग घेतला की हा ब्रेक लावतो. “बघू,” म्हणतो. सासूबाईंकडे विषय काढला तर त्या म्हणत, “आत्ता तर आलाय गं तो.” हे आत्ता एका हिवाळ्यापासून दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत चाललं होतं.

तरी मी सोसलं असतं. पण एक दिवस शाळेत शिकवणाऱ्या एक बाई माप द्यायला आल्या. पहिल्यांदाच आल्या होत्या. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. त्यांनी बराच वेळ घेऊन डोक्याचा रुमाल सोडला, मी टेप लावली, आणि शेठ आत आले. “वहिनी, चहा आहे का?” मग बाईंकडे लक्ष गेलं. “सॉरी, सॉरी,” म्हणाले, आणि तरी चहा गाळून, कप भरून घेईपर्यंत थांबले. बाईंनी रुमाल बांधला, माझे आभार मानले आणि गेल्या. नंतर फोन केला तर म्हणाल्या, सध्या राहू दे. मला इतकी लाज आणि इतका राग एका वेळी कधी आला नव्हता. खोली परत मिळवायची हे मी त्या दिवशी ठरवलं. कशी, ते ठाऊक नव्हतं.

ते फॉर्मनेच सांगितलं. त्यात एक प्रश्न असतो, की राहत्या घराचा कुठला भाग फक्त व्यवसायासाठी वापरला जातो का. तसा वापरत असाल, तर त्या भागाचा खर्च उत्पन्नातून वजा करून मिळतो. मी आधी दरवर्षी ‘होय, मागची खोली’ लिहायची. या वर्षी पेन अडलं. खोलीत तर शेठ घोरत होते, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. मी ते घोरणं शांतपणे ऐकलं आणि लिहिलं, ‘होय. मागची खोली. वापर फक्त व्यवसायासाठी.’

मी खोटं लिहिलं असं कुणी म्हणू नये. मी आगाऊ लिहिलं. आगाऊ भरलेला कर टॅक्सवाल्यांना चालतो, वर पावती देतात. मग आगाऊ खरं का चालू नये?

रात्री जेवताना मी जाहीर केलं, “भाऊजी, सरकारदरबारी तुमची खोली आता माझी झालीय बरं का.”

शेठ घास चावत हसले. “लिहा हो वहिनी, काय वाटेल ते लिहा. कोण येतंय बघायला?”

“हो ना, कोण येतंय,” नवरा म्हणाला.

“कोण येतंय मेलं!” सासूबाई म्हणाल्या.

आमच्या घरात तिघांचं एकमत होण्याचे प्रसंग फार कमी. मी पाणी प्यायले. कुणी येत नसेल, तर बोलावून आणायला काय हरकत आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

टॅक्स ऑफिसच्या बाकावर सगळे माझेच भाऊबंद बसले होते, स्वतःच स्वतःचे मालक. एक नळदुरुस्तीवाला रंगाच्या रिकाम्या डब्यात पावत्या कोंबून घेऊन आला होता आणि डबा दोन गुडघ्यांत घट्ट धरून बसला होता. एक नाचाच्या बाई ओठ हलवत काहीतरी पाठ करत होत्या, बहुधा कारणं.

“तुमचं काय?” नळवाल्याने कुजबुजत विचारलं. “नोटीस?”

“नाही. तपासणी मागायला आलेय.”

“कुणाची?”

“माझी.”

त्याने डबा उचलला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. हात दाखवून अवलक्षण करून घेणारी बाई त्याने बहुतेक प्रथमच बघितली असावी.

माझा नंबर लागला. टेबलामागच्या अधिकारी बाईंची वेणी खुर्चीच्या पाठीवरून खाली लोंबत होती. जाड, सरळ, मुळापासून टोकापर्यंत एकसारखी, कधी रंग न लागलेली. माझे हात शिवशिवले. असे केस बाजारात मिळत नाहीत. पण सरकारी अधिकाऱ्याच्या केसाला धक्का लावायची इच्छा पहिल्याच भेटीत बोलून दाखवू नये, एवढी अक्कल मला आहे.

“काय काम आहे?”

“माझ्या घरी तपासणीला या.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तक्रार कुणाविरुद्ध आहे?”

“तक्रार नाही. मी फॉर्ममध्ये एक खोली धंद्याची दाखवलीय. ती तशी आहे का, ते कुणीतरी बघून जावं, एवढंच म्हणणं आहे.”

“इथे लोक येऊ नका म्हणून सांगायला येतात.”

“त्यांना दीर नसतील.”

“म्हणजे?”

“काही नाही. कधी येताय?”

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. वेडी आहे, लबाड आहे की दोन्ही आहे, याचं त्यांचं मूल्यांकन चाललं असावं. मग म्हणाल्या, “खोली तशी नसली तर वजावट जाईल. वर दंड बसेल. कळतंय ना?”

“कळतंय.”

“पुढच्या आठवड्यात येता येईल. कुठला दिवस सोयीचा?”

“दिवस सांगू नका!” मी एवढ्या जोरात म्हणाले की नळवाल्याने दारातून डोकावलं. “सांगून आलात तर तपासणी कसली? कधीही या. झुंजूमुंजू व्हायच्या आत या.”

“ऑफिस उघडल्यावरच येता येतं,” बाई कोरडेपणाने म्हणाल्या आणि माझ्या फाईलवर काहीतरी टिपून घेतलं.

घरी येऊन मी चेहरा पाडला. चेहरा पाडणं मला चांगलं जमतं, नाटकवाल्यांच्या संगतीत राहून आलंय. “आपली फाईल तपासणीत निघाली,” मी सांगितलं. “पुढच्या आठवड्यात खोली बघायला येणार आहेत. कुठल्या दिवशी ते सांगत नाहीत म्हणे.”

नवऱ्याने खुर्चीखाली खरोखरच ब्रेक दाबला. “अगं, पण तू असं लिहिलंस कशाला?”

“कोण येतंय, असं तुम्हीच म्हणालात.”

सासूबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. “येऊ देत. मी सांगेन त्यांना, माझा मुलगा आहे, माझ्या घरात राहतो. सरकारच्या बापाचं काय जातं?”

“सांगा की,” मी म्हणाले. “मग ते भाऊजींना विचारतील, तुम्ही काय करता, कमाई किती, फॉर्म भरता का. भाऊजींचीही फाईल उघडतील. सरकारला एकदा माणूस सापडला की ते विसरत नाही.”

शेठनी हे ऐकलं आणि खाटेवरची गादी गुंडाळायला घेतली. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढ्या चपळाईने काही करताना बघितलं नव्हतं.

प्रश्न होता खाट जाणार कुठे. पुढच्या खोलीत दार आणि सोफा यांच्यात माणूस अंग चोरून जातो, खाट काय मावणार. आमच्या खोलीत कपाट उघडायचं तर आधी एकाला बाहेर जावं लागतं. “माझ्याकडे येऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “आईला मूल जड होत नाही.”

सोमवारी सकाळी मी माझी लाकडी डोकी खिडकीकडे वळवली, फळी पुसली, टेबल उजेडात ओढलं आणि दार लावून घेतलं. केस जिथे ठेवला तिथेच राहत होता. मला गाणं म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हटलं. माझा आवाज वाईट आहे, पण खोली माझी होती.

तिकडे सासूबाईंच्या खोलीत आईला मूल किती जड होतं ते कळायला लागलं. पंखा तोंडावर घेतल्याशिवाय शेठना झोप येत नाही, आणि सासूबाईंचे गुडघे वाऱ्याने धरतात. शिवाय शेठ होऊ घातलेल्या भागीदारांशी फोनवर बोलतात, तेही उशिरापर्यंत आणि येरझाऱ्या घालत. सकाळी उठतात तेव्हा घरात दुपारच्या जेवणाची तयारी सुरू झालेली असते, आणि तोवर त्या खोलीत कुणी दिवा लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, कपाट उघडायचं नाही.

“झोप लागली का, आई?” मंगळवारी मी विचारलं.

“लागली की. न लागायला काय झालं?” त्या म्हणाल्या. गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधली होती.

बुधवारी त्या माझ्या दारात आल्या, आत बघून “बरं मोकळं वाटतंय गं,” म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून निघून गेल्या. मी हसले नाही. म्हणजे त्यांच्यासमोर हसले नाही.

अधिकारी बाई गुरुवारी आल्या. वेणी या वेळी पाठीवर सोडलेली होती, जिना चढून आल्यामुळे थोड्या धापा टाकत होत्या. दार उघडलं शेठनी. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हसरा चेहरा. मला वाटलं होतं ते कुठेतरी दडी मारून बसतील. छे. ते पुढे होऊन बाईंना खोलीकडे घेऊन आले.

“या, या, मॅडम! हा आमच्या वहिनींचा कारखाना. सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच. अहो, जेवायचं भान नसतं त्यांना.”

बाईंनी खोली बघितली. फळीवरची डोकी, टेबलावरची जाळी, खिळ्यांच्या फणीतून विंचरून ठेवलेल्या केसांच्या जुड्या. खाली बघितलं, वर बघितलं, खिडकी उघडून मिटली. मग कागद काढला.

“ही खोली आणखी कशासाठी वापरता?”

“कशासाठीच नाही!” शेठ म्हणाले.

“नाही हो, फक्त काम,” सासूबाई म्हणाल्या.

नवरा दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात घरी आला होता. तो छताकडे बघत म्हणाला, “नसावी बहुतेक.” बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, पण त्याने माझ्यासाठी प्रयत्न केला.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” शेठ म्हणाले. “वहिनी या घरात आल्यापासून.”

सगळं घर माझ्या बाजूने साक्ष देत होतं. असं कधी झालं नव्हतं, मला गहिवरून यायला हवं होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. “ठीक आहे. वजावट मान्य करते. फाईल बंद होईल, पुन्हा कुणी येणार नाही.”

आणि तेव्हा शेठ सासूबाईंच्या कानाशी वाकले. हळू बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. “झालं, आई. संध्याकाळी खाट आत घेतो.”

माझा हिशोब इथेच चुकला होता. मी तपासणीला बोलावलं, पण तपासणी संपते हे मी धरलंच नव्हतं. फाईल बंद झाली की माझी खोली कागदावर माझी राहणार, आणि खिडकीखाली पुन्हा पंखा भणभणणार. माझी वजावट वाचवण्यासाठी शेठ एवढे मनापासून खोटं बोलत होते ते का, हेही आता उजेडात आलं. माझा फायदा झाला की त्यांचा मुक्काम पक्का होत होता.

“मॅडम, सही करू नका,” मी म्हणाले. “हे सगळं खोटं आहे.”

नवऱ्याने डोळे मिटले.

“ही खोली सोमवारपासून कामाची आहे. त्याआधी वर्षभराहून जास्त इथे हे राहत होते.” मी शेठकडे बोट दाखवलं. “इथे खाट होती. फरशीवर तिच्या पायांचे डाग आहेत बघा.”

“ते मी आल्याआल्याच बघितले,” बाई म्हणाल्या.

“मग बोलला का नाहीत?”

“तीन माणसं एकच सांगत होती. फरशीची साक्ष मला कागदावर घेता येत नाही.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड सरळच होतं, पण डोळ्यांत काहीतरी होतं. “तुम्ही सांगताय ते लिहून घेऊ? फॉर्म गेल्या वर्षाचा आहे. वजावट पूर्ण जाईल, दंडही भरावा लागेल.”

“लिहा.”

“वहिनी!” शेठ ओरडले. “मी तुमच्यासाठी खोटं बोललो, आणि तुम्ही केसाने गळा कापलात!”

“अगं, वाचलो होतो आपण,” नवरा कळवळून म्हणाला. “स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतलास?”

“तुम्ही सगळे वाचला होतात,” मी म्हणाले. “मी नव्हते वाचले.”

हे बोलताना माझा आवाज फाटला. मला ते नको होतं, मी भांडायच्या तयारीत होते. पण शाळेतल्या त्या बाई आठवल्या, रुमालाची गाठ चाचपत जिना उतरणाऱ्या. नवरा माझ्याकडे बघत राहिला. या वेळी त्याने ‘बघू’ म्हटलं नाही.

बाई लिहीत होत्या. एका जागी थांबल्या. “पुढच्या वर्षी ही खोली दाखवायची असेल, तर ती कधी मोकळी झाली ती तारीख लागेल. खाट आत्ता कुठे आहे?”

“माझ्या खोलीत,” सासूबाई म्हणाल्या.

“म्हणजे घरातच. परत इथे येऊ शकते.” त्या शेठकडे वळल्या. “आपण या घरात कायमचे राहता?”

“छे, छे,” शेठ म्हणाले. शर्टाची कॉलर नीट केली. “मी पाहुणा आहे. चार दिवसांसाठी आलोय.”

“मग कधी जाणार?”

बाईंनी हे अगदी सरळ विचारलं. त्यांच्या कागदावर एक रकाना होता आणि तो भरायचा होता, बास. पण आमच्या घरात हा प्रश्न आजवर कुणी उच्चारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी आडून बोलले, टोमणे मारले, भांडी आपटली, सरकारला घरी घेऊन आले, पण हे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते.

शेठ हसले. आईकडे बघितलं. ती काय म्हणणार ते सगळ्यांना पाठ होतं.

सासूबाईंचे डोळे तांबारले होते. एक हात गुडघ्यावर होता. त्या शेठकडे बघत होत्या, मग खोलीकडे, मग का कोण जाणे माझ्याकडे.

“रविवारी,” त्या म्हणाल्या. “रविवारी जाईल. लिहा.”

“आई!”

“लिहा हो तुम्ही,” सासूबाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. बराच वेळ नळ वाहण्याचा आवाज येत होता, पण भांडं काही वाजलं नाही.

रविवारी शेठ खरंच गेले. त्यांच्या एका भागीदाराच्या दुकानावर माळा होता, तिथे सोय झाली. सरकारी कागदावर तारीख पडली म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालला नसावा. ट्रंक नवऱ्याने उचलली. “पंखा विसरू नकोस,” सासूबाईंनी बजावलं, आणि गाडी वळेपर्यंत गॅलरीत उभ्या राहिल्या. एकदाची ब्याद गेली असं म्हणायची माझी तयारी होती. पण त्यांची पाठ बघून म्हणाले नाही. मला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. बराच झाला, पण तेवढा नाही.

दंड मी स्वतः जाऊन भरला. खिडकीवरच्या माणसाने माझ्याकडे दोनदा बघितलं, कारण मी पैसे मोजताना गुणगुणत होते. तिथून परत येताना अधिकारी बाई जिन्यात भेटल्या. मी सांगून टाकलं, कधी वेणी कापायची झाली तर आधी मला कळवा. त्या म्हणाल्या, अर्ज करा.

त्यानंतर सासूबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मी त्यांना दोष दिला नाही. मुलाला जायचा दिवस त्यांनी सांगितला होता, मी नाही. मी सकाळी उठून खोलीत जाई, दिवसभर गाठी मारी, संध्याकाळी बाहेर येई.

एका दुपारी मी नव्या टोपाचा भांग बसवत होते. ते नाजूक काम असतं. दारावर टकटक झाली. मी मान वर केली. दार तर उघडंच होतं. सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, दोन्ही हातांत चहाचे कप. म्हणजे टकटक कोपराने केली असणार.

“आत येऊ का गं?”

एवढ्या वर्षांत या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी प्रश्न नीट ऐकून घेतला, आणि उगाचच, अगदी उगाचच, विचारलं, “काय काम होतं?”

“चहा द्यायचाय,” त्या म्हणाल्या, आणि मी या म्हणेपर्यंत खरोखर बाहेर थांबल्या.